ब्राउझरच्या एक्झिक्युटेबल फाइलचा शोध

संगणकावर बसवलेल्या वेब ब्राउझरची प्रत्यक्ष चालणारी फाइल कुठे आहे, हे दुसऱ्या एखाद्या प्रोग्रॅमने हुडकून काढण्याची प्रक्रिया. माणसाचे काम आयकॉनवर क्लिक करून भागते. सेलेनियम, पपेटियर, प्लेराइट यांसारख्या स्वयंचलनाच्या साधनांना मात्र, संगणकावर आधीपासून असलेला ब्राउझर चालवायचा तर, त्या फाइलचा पाथ, म्हणजे डिस्कवरील पूर्ण पत्ता, लागतो.

विंडोजवर क्रोम सर्व वापरकर्त्यांसाठी बसवला तर ‘प्रोग्रॅम फाइल्स’मध्ये जातो, ॲडमिनचे अधिकार नसताना बसवला तर त्या वापरकर्त्याच्या ‘ॲपडेटा’ फोल्डरात. शिवाय ६४ बिट क्रोमसुद्धा जुन्या संगणकांवर ३२ बिट प्रोग्रॅमांच्या फोल्डरात सापडतो. त्यामुळे पाथ कोडमध्ये ठोकून बसवण्यापेक्षा रजिस्ट्रीतील (विंडोजच्या सेटिंग्ज साठवणाऱ्या डेटाबेसमधील) ‘ॲप पाथ्स’ ही नोंद वाचणे केव्हाही बरे. ती संपूर्ण मशीनसाठी आणि चालू वापरकर्त्यासाठी अशी दोन्हीकडे पाहावी लागते.

मॅकओएसवर ‘ॲप्लिकेशन्स’मध्ये दिसणारा ब्राउझर हा मुळात एक फोल्डर, म्हणजे बंडल असतो. खरी फाइल त्याच्या पोटात, ‘कंटेंट्स’मधील ‘मॅकओएस’ या फोल्डरात असते. ॲप दुसरीकडे हलवलेले असेल, तर बंडल आयडेंटिफायर (ॲपचे ठरलेले ओळखनाम) देऊन स्पॉटलाइट या मॅकच्या शोधसुविधेकडून त्याचा ठावठिकाणा काढता येतो.

खरी गुंतागुंत लिनक्सवर. तिथे ‘पाथ’ नावाच्या व्हेरिएबलमध्ये (प्रोग्रॅम जिथे शोधायचे त्या फोल्डरांच्या यादीत) दिलेल्या फोल्डरांत नावाने शोध घेतात, पण नावच एक नाही. क्रोम ज्यावर बेतलेला आहे तो मुक्त ब्राउझर क्रोमियम डेबियनवर ‘क्रोमियम’, उबुंटूवर ‘क्रोमियम-ब्राउझर’, आणि गूगलच्या पॅकेजमधून आलेला क्रोम ‘गूगल-क्रोम-स्टेबल’. सापडलेली फाइलही पुष्कळदा नुसती शेल स्क्रिप्ट (आज्ञांची मजकूर-फाइल) निघते, जी पुढे खरा बायनरी, म्हणजे प्रत्यक्ष प्रोग्रॅम, सुरू करते. उबुंटूने १९.१० या आवृत्तीपासून क्रोमियम स्नॅप या, प्रोग्रॅमला बाकी यंत्रणेपासून वेगळे ठेवणाऱ्या, पॅकेजमध्ये हलवला. स्नॅपच्या बंदिस्त वातावरणामुळे पाथ बरोबर असूनही तात्पुरत्या फोल्डरातील प्रोफाइल (ब्राउझरच्या सेटिंग्ज व डेटाचा फोल्डर) उघडत नाही, आणि दोष विनाकारण शोध घेणाऱ्या कोडवर येतो. फ्लॅटपॅक या स्नॅपसारख्याच दुसऱ्या पद्धतीने बसवलेला ब्राउझर तर नेहमीच्या नावाने मिळतही नाही. तो ॲप आयडी देऊन चालवावा लागतो.

या सगळ्याच्या आधी वापरकर्त्याने स्वतः दिलेला पाथ मानावा, असा संकेत आहे. जावास्क्रिप्टच्या चाचण्या चालवणाऱ्या कार्मासारखी साधने त्यासाठी ‘क्रोम-बिन’ हे एन्व्हायरन्मेंट व्हेरिएबल (प्रोग्रॅमांना वाचता येणारे यंत्रणेतील नामांकित मूल्य) पाहतात.

फाइल हाती लागल्यावर आवृत्ती तपासणे उरते. लिनक्स आणि मॅकओएसवर ‘व्हर्जन’ हा पर्याय दिला की क्रोम आकडा छापून थांबतो. विंडोजवर त्याच पर्यायाने सरळ ब्राउझरची खिडकीच उघडते, म्हणून तिथे आवृत्ती फाइलच्या गुणधर्मांतून किंवा रजिस्ट्रीतून वाचतात.