पाळीव प्राणी मेल्याचे स्वप्न

घरातले कुत्रे, मांजर, पोपट किंवा टाकीतला मासा जिवंत असताना तो मेल्याचे झोपेत दिसणे. जाग आल्यावर पहिले काम ठरलेले असते: अंधारात पलंगाखाली हात घालून कुत्र्याचे पोट वरखाली होते आहे का, ते चाचपणे.

ठाण्यात या स्वप्नाचे अर्थ घरातल्या घरात बदलतात. नौपाड्यातली एखादी आजी म्हणेल, "मेलेला दिसला ना? मग आयुष्य वाढलं त्याचं." पण लगेच वेळही विचारेल, कारण पहाटेचे स्वप्न खरे होते अशी समजूत आहे. त्यात कुत्रा दिसला असेल तर देवाचे काही राहून गेले का, याची उजळणी होते. खंडोबाबरोबर कुत्रा असतो आणि दत्ताच्या पायाशी चार. मासा मेला तर घरावरचे संकट त्याने अंगावर घेतले म्हणतात. मग तो स्वप्नात मेलेला दिसला, तर धास्ती माशापेक्षा संकटाचीच जास्त.

पहाटेच्या समजुतीमागे शरीराचे एक कारण आहे. डोळे पापण्यांआड भराभर हलतात ती झोपेची अवस्था १९५३ साली शिकागो विद्यापीठातील युजीन असेरिन्स्की आणि नथॅनियल क्लाइटमन यांनी नोंदवली. ठसठशीत स्वप्ने बहुतेक याच अवस्थेत पडतात. साधारण दर ९० मिनिटांनी ती येते आणि रात्र सरत जाते तशी लांबत जाते. पहाटेचे स्वप्न लक्षात राहते ते त्यामुळे. ते खरे होण्याशी याचा संबंध नाही.

चरकसंहिता या आयुर्वेदाच्या ग्रंथात, इंद्रियस्थान नावाच्या भागात, स्वप्नांचे सात प्रकार सांगितले आहेत. त्यांपैकी पाहिलेले, ऐकलेले, अनुभवलेले, इच्छिलेले आणि कल्पिलेले हे पहिले पाच निष्फळ मानले आहेत. प्रस्तुत स्वप्न बहुधा याच पाचांत बसते. मराठीत ते पाच शब्दांत आटोपते: मनी वसे, ते स्वप्नी दिसे.

मनात काय वसले आहे, हे आदल्या आठवड्यात सापडते. पावसाळ्यात गोचीड तापाने कुत्रे दोन दिवस ताटलीकडे फिरकत नाही, तेव्हा हे स्वप्न पडू शकते. गणपतीला घरदार कोकणात गेलेले आणि कुत्रा घोडबंदर रोडवरच्या बोर्डिंगात, तेव्हाही. तिथे स्वप्नात मरण असते, पण टोचणी सोडून आल्याची असते. कुत्र्याने दहा-बारा वर्षे ओलांडली, तोंडावरचे केस पांढरे झाले, जिना चढताना तो मध्येच थांबू लागला, की मन पुढचे आधीच पाहून घेते. फिनलंडचे संशोधक अँटी रेव्होन्सुओ यांनी २००० साली मांडलेल्या सिद्धान्तानुसार स्वप्न ही धोक्याची रंगीत तालीम असते. सिद्धान्त वादग्रस्त आहे, पण म्हातारे कुत्रे सांभाळणाऱ्याला तो पटकन पटतो.

प्राणी खरोखर गेल्यानंतर पडणारी स्वप्ने वेगळी. तिथे तो बहुधा जिवंतच दिसतो, आणि रडू येते ते जाग आल्यावर. दुखणे असह्य झाल्यामुळे इंजेक्शन देऊन ज्याला कायमचे झोपवावे लागले, त्याचा शेवट मात्र पुन्हा पुन्हा दिसू शकतो. झोप उडण्याइतके हे वाढले तर समुपदेशक गाठावा. पंचांग उघडून उपयोग नाही.

मालक पोट चाचपत असतो तेव्हा पुष्कळदा कुत्र्याचे पाय थरथरत असतात आणि ते घशातल्या घशात भुंकत असते. डोळे हलण्याची ती झोप कुत्र्यांनाही येते.