जिंकूनही ५ च पॉइंट का? रेटिंगच्या आकड्यामागची गोष्ट

रेटिंग म्हणजे खेळाडूच्या ताकदीचा अंदाज सांगणारा आकडा. १६०० रेटिंगच्या खेळाडूने १४०० वाल्याला हरवलं तर त्याच्या खात्यात जेमतेम ५ पॉइंट येतात. तोच हरला तर १५ जातात. ऑनलाइन गेममध्ये रँक्ड, म्हणजे क्रमवारीसाठीच्या मॅच खेळणाऱ्या प्रत्येकाला हा व्यवहार कधी ना कधी अन्यायाचा वाटलेला असतो. पण हे पॉइंट बक्षीस म्हणून ठरवलेलेच नव्हते. सिस्टीमने मॅचआधी एक अंदाज बांधलेला असतो, तो जितका चुकतो तितकी दुरुस्ती होते. पुढे गेम कंपन्यांनी याच दुरुस्तीला बक्षिसाचा वेष चढवला आणि बहुतेक तक्रारी तिथूनच सुरू झाल्या.

मूळ बुद्धिबळात आहे. अमेरिकन बुद्धिबळ महासंघ १९५० पासून केनेथ हार्कनेस यांची पद्धत वापरत होता. स्पर्धेतल्या प्रतिस्पर्ध्यांच्या रेटिंगची सरासरी काढायची, निम्मे गुण मिळाले तर ती सरासरी हेच नवं रेटिंग, आणि ५० च्या वर किंवा खाली प्रत्येक टक्क्याला १० पॉइंट. हिशेब सोपा, पण भोक मोठं. १२०० रेटिंगचा खेळाडू सरासरी १८५० च्या स्पर्धेत सगळे डाव हरला तरी सूत्राने त्याचं रेटिंग १३५० येतं. म्हणजे सगळे डाव हरून १५० ची कमाई!

मिलवॉकीचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक अर्पाद एलो यांनी हे मुळापासून बदललं. महासंघाने त्यांची पद्धत १९६० मध्ये स्वीकारली, जागतिक संघटना फिडेने १९७० मध्ये. आज वापरात असलेलं सूत्र असं: प्रतिस्पर्ध्याच्या रेटिंगमधून आपलं वजा करा, ४०० ने भागा, १० चा तितका घात काढा, त्यात १ मिळवा आणि १ ला त्या संख्येने भागा. वरच्या उदाहरणात १४०० वजा १६०० म्हणजे उणे २००, भागिले ४०० म्हणजे उणे ०.५. १० चा उणे ०.५ घात ०.३१६, आणि १ भागिले १.३१६ म्हणजे ०.७६. हा १६०० वाल्याचा अपेक्षित गुण. जिंकल्यावर प्रत्यक्ष गुण १, म्हणजे अंदाज ०.२४ ने चुकला. त्याला ‘के’ या गुणकाने गुणायचं. के २० असेल तर अधिक ४.८. हरल्यावर उणे १५.२. बरोबरीला अर्धा गुण धरतात, त्यामुळे डाव बरोबरीत सुटला तरी १६०० वाल्याचे ५.२ जातात.

खरी कसरत के ठरवण्यात आहे. मोठा ठेवला तर एका वाईट संध्याकाळी रेटिंग कोसळतं. लहान ठेवला तर झपाट्याने सुधारणारा खेळाडू महिनोन्‌महिने खालीच रेंगाळतो आणि वाटेत भेटेल त्याचे पॉइंट खातो. फिडे नवख्यांना ४०, इतरांना साधारण २० आणि एकदा २४०० गाठलेल्यांना १० वापरते. म्हणजे एका आकड्याने भागत नाही, हे मान्यच आहे. आकडा किती खरा मानायचा, हेही कुठेतरी नोंदवायला हवं.

ते काम मार्क ग्लिकमन यांनी १९९५ मध्ये ग्लिको पद्धतीत केलं. रेटिंगसोबत ‘आरडी’ हा दुसरा आकडा आला, म्हणजे अंदाजातली अनिश्चितता. नवा खेळाडू १५०० वर आणि ३५० आरडीने सुरू होतो. खेळला की आरडी घटतो, बरेच दिवस बसून राहिला की पुन्हा वाढतो. ग्लिकमन यांचंच उदाहरण घेऊ. १५०० रेटिंग, २०० आरडीचा खेळाडू १४०० वाल्याला हरवतो, मग १५५० आणि १७०० वाल्यांकडून हरतो. नवं रेटिंग १४६४, आरडी १५१.४. यात १७०० वाल्याचा आरडी ३०० होता, म्हणजे त्याची खरी ताकद धड माहीत नव्हती. म्हणून तो निकाल हिशेबात धरताना ०.७२ ने गुणून सौम्य केला जातो. नंतरच्या ग्लिको-२ मध्ये खेळातल्या चढउतारासाठी तिसरा आकडा आला. ऑनलाइन बुद्धिबळाची साइट लिचेस हीच पद्धत वापरते. पण तिसऱ्या आकड्यालाही पळवाट निघाली: मुद्दाम हरत राहून चढउतार फुगवायचा आणि मग जिंकायला लागायचं, की प्रत्येक विजय भरघोस मोजला जातो.

हे सगळं एकास एक खेळासाठी. पाचजणांची टीम हरली तर दोष कुणाचा? याचं नेटकं गणित मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या केंब्रिज प्रयोगशाळेने ट्रूस्किलमध्ये मांडलं आणि २००५ मध्ये एक्सबॉक्स ३६० सोबत ते वापरात आलं. प्रत्येकाची सुरुवात सरासरी २५ आणि अनिश्चितता ८.३३ ने, टीमची ताकद म्हणजे सदस्यांच्या ताकदीची बेरीज. क्रमवारीसाठी सरासरीतून अनिश्चिततेची तिप्पट वजा करतात, म्हणून नवख्याचा आकडा शून्य. बरोबरीची शक्यता १० टक्के धरून दोन नवखे भिडवले तर जिंकणाऱ्याची सरासरी २९.४ आणि अनिश्चितता ७.१७ होते, आकडा साधारण ७.९. बरोबरी झाली तर सरासरी २५ च राहते, पण अनिश्चितता ६.४६ वर येते आणि दोघांचेही आकडे ० वरून ५.६ वर जातात. कुणीच जिंकलं नाही, तरी दोघांना बढती!

याची उलट बाजू २००७ च्या हेलो ३ या शूटिंग गेममध्ये दिसली. शेकडो मॅचनंतर अनिश्चितता इतकी घटायची की जिंकत राहूनही लेव्हल हलेना. उपाय सोपा होता: नवं खातं. आकडा जितका खात्रीचा, तितका खेळणाऱ्याला कंटाळवाणा, ही अडचण कंपन्यांच्या तेव्हा लक्षात आली असावी.

मग आकड्याचे दोन तुकडे झाले. मॅच जुळवण्यासाठी लपलेला एमएमआर (मॅचमेकिंग रेटिंग) आणि दाखवण्यासाठी वेगळी शिडी. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टच्या अरीनात, म्हणजे खेळाडूंच्या आपसातल्या लढतींत, २००८ मध्ये लपलेलं रेटिंग आलं. स्टारक्राफ्ट २ ने २०१० मध्ये लीग आणल्या आणि वेळेनुसार साठणारा बोनसही, म्हणजे शिडीवरचे आकडे ठरवूनच फुगत जायचे. लीग ऑफ लेजंड्स सुरुवातीला उघड एलो दाखवायचं; २०१३ मध्ये ते झाकून डिव्हिजन आणि एलपी (लीग पॉइंट) आले. लपलेलं रेटिंग दाखवलेल्या रँकच्या वर असेल तर विजयाला जास्त एलपी आणि पराभवाला कमी कपात. खाली असेल तर उलट. ‘जिंकतोय निम्म्याहून जास्त, पण रँक हलत नाही’ या तक्रारीमागे बहुतेकदा या दोन आकड्यांची ओढाताण असते. डोटा २ ने २०१३ मध्ये एमएमआर उघड ठेवला, २०१७ मध्ये त्यावर पदकं चढवली आणि २०२३ मध्ये ग्लिको घेतली.

फक्त निकाल मोजायचा की कोणी काय केलं तेही, हा वाद अजून मिटलेला नाही. २०१८ च्या ट्रूस्किल २ मध्ये किल, मृत्यू, मॅच अर्धवट सोडणं, ग्रुपने खेळणं असं सगळं धरलं. हेलो ५ मध्ये निकालाचा अंदाज जुन्या ट्रूस्किलच्या ५२ टक्क्यांवरून ६८ टक्क्यांवर गेला. अंदाज सुधारतो यात शंका नाही. पण किलला भाव आहे हे एकदा कळलं की लोक उद्दिष्ट सोडून किलमागे धावतात, म्हणून हे वजन फार जपून ठेवावं लागतं.

काउंटर-स्ट्राइक २ च्या प्रीमियर या रँक्ड प्रकारात जिंकलात तर किती आणि हरलात तर किती, हे मॅचआधीच दाखवतात. एखादा गेम निव्वळ एलोवर चालत असेल तर अशा दोन आकड्यांतून सिस्टीमचा अंदाज काढता येतो: जाऊ शकणारे पॉइंट भागिले दोन्हींची बेरीज. १५.२ भागिले २०, उत्तर ०.७६.