स्वेल : पावसाचं पाणी मुरवणारी गवताळ चारी

स्वेल म्हणजे रुंद, उथळ आणि गवताने झाकलेली चारी. छतावरून, रस्त्यावरून, पार्किंगमधून वाहत येणारं पावसाचं पाणी पाईपात घालून लगेच नाल्याला सोडण्याऐवजी या चारीतून सावकाश फिरवायचं, गाळायचं आणि जमेल तेवढं तिथंच मुरवायचं, एवढंच तिचं काम. पाणलोटाच्या कामात म्हणतात ना, धावणाऱ्या पाण्याला चालायला लावा, चालणाऱ्याला थांबायला लावा आणि थांबलेल्याला मुरायला लावा, लँडस्केपवाले स्वेलने अगदी हेच करतात, फक्त माळरानाऐवजी सोसायटीच्या आवारात नाहीतर रस्त्याच्या कडेला.

बरेच लोक स्वेलला गटारच समजतात. पण गटारातून पाणी जेवढं लवकर जाईल तेवढं चांगलं आणि स्वेलमध्ये ते जेवढं रेंगाळेल तेवढं चांगलं. म्हणून काठ उभे नसतात, ३ फूट आडवं गेल्यावर १ फूट खाली, किंवा त्याहूनही सपाट, म्हणजे गवत कापायचं मशीन फिरतं आणि पोरंही त्यात खेळतात. लांबीचा उतार साधारण १ ते ५ टक्के ठेवतात. त्याहून कमी असला तर पाणी साचतं, मग खाली खडी आणि भोकं पाडलेला पाईप टाकावा लागतो, आणि जास्त असला तर थोड्या थोड्या अंतरावर दगडांचे बुटके बांध घालतात. आणि नेहमीच्या सरीत पाण्याची उंची गवतापेक्षा कमी राहिली पाहिजे, कारण पाणी गवताच्या आतून गेलं तरच गाळ, टायरची धूळ, ऑइल अडकतं, पाणी वरून गेलं की पाती आडवी होतात आणि सगळी घाण सरळ पुढे. विरघळलेलं खत मात्र स्वेल फारसं अडवत नाही.

पर्माकल्चरवाले, म्हणजे निसर्गाच्या धर्तीवर शेती-बाग करणारे लोक, ज्याला स्वेल म्हणतात तो थोडा वेगळा. तो समपातळीत खणलेला असतो, त्यात पाणी वाहत नाही, नुसतं भरतं आणि मुरतं, खालच्या अंगाला मातीचा बांध आणि त्यावर झाडं. आपले सलग समतल चर याचेच भाऊबंद.

नागरी वस्तीतलं सगळ्यात शिकण्यासारखं उदाहरण कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस शहरातलं, व्हिलेज होम्स. मायकेल आणि ज्युडी कॉर्बेट या जोडप्याने १९७० च्या दशकात ही साधारण २४० घरांची वसाहत उभी केली आणि पावसाळी गटाराच्या पाईपांऐवजी घरांच्या मागून उघड्या चाऱ्या नेल्या. शहराच्या इंजिनियर लोकांना हे पटलं नव्हतं, उद्या फेल गेलं तर पाईप घालायला पैसे हवेत म्हणून हमी घेतली गेली. पण चाऱ्या टिकल्या, आणि पाईपांचे घरामागे सुमारे ८०० डॉलर वाचले ते झाडांवर खर्च झाले. मला यातलं सगळ्यात आवडतं ते हे, की पाण्याची वाट हीच तिथं लोकांची फिरायची जागा झाली.

सिएटलने २००१ साली एक जुना रस्ता २५ फुटांवरून १४ फुटांवर आणला, त्याला नागमोडी केलं आणि दोन्ही कडांना स्वेल घातले. युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टनने मोजमाप केलं तर रस्त्यावरून वाहून जाणारं पाणी ९८ ते ९९ टक्के कमी झालं होतं. आकडा जबरदस्त आहे, पण तिथला पाऊस रिमझिम. २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रुझला एका दिवसात ९४४ मिमी पडला, तसल्या पावसापुढे कुठलाही स्वेल पुरत नाही, म्हणून जादा पाण्याला बाहेर पडायची वाट ठेवावीच लागते. रोजच्या सरींसाठी मात्र हिशोब साधा आहे: १०० चौरस मीटर छतावर ५० मिमी पाऊस म्हणजे ५,००० लिटर पाणी, आणि त्यातलं बरंचसं अंगणात थांबवता येतं. कोकणातल्या जांभ्याच्या जमिनीत ते चांगलं मुरतं, काळ्या मातीत नाही, ती भिजली की फुगते आणि भेगा मिटतात, तिथं तळाला वाळू, खडी मिसळल्याशिवाय उपयोग नाही.

खरी चूक होते ती लेव्हलमध्ये. आमच्या सोसायटीत चारी छान खणली, काठावर तयार लॉनच्या गाद्या अंथरल्या, आणि पहिल्याच पावसात पार्किंगचं पाणी काठापर्यंत येऊन वळलं आणि गेटकडे पळालं, कारण गाद्यांची जाडी कुणी धरलीच नव्हती, गवत पेव्हर ब्लॉकच्या दोन बोटं वर आलं होतं! नंतर गवंड्याने पाण्याची नळी लावून लेव्हल काढली, काठ पेव्हरच्या दोन इंच खाली घेतला, मग पुढच्या सरीत पाणी पानापाचोळ्यासकट आत उतरताना दिसलं. गवत पण महागडं लागत नाही, हरळी उत्तम चालते, ओल टिकत असेल तिथं वाळा.

डासांची भीती लोक पहिल्यांदा बोलून दाखवतात. अळीचा डास व्हायला साधारण आठवडा लागतो आणि नीट केलेला स्वेल २४ ते ४८ तासांत कोरडा होतो, तरी पाणी दोन दिवसांच्या वर उभं राहिलं तर तळ गाळाने बुजलाय असं समजायचं. हा गाळ जास्त करून पाणी शिरतं त्या तोंडाशी बसतो, तो मे महिन्यात फावड्याने काढायचा आणि उघड्या पडलेल्या जागी हरळीचे ठोंब परत लावायचे.