वेक-ऑन-लॅन

बंद केलेला किंवा स्लीपमध्ये गेलेला कॉम्प्युटर लॅनवरनं, म्हणजे ऑफिसच्या-घरच्या लोकल नेटवर्कवरनं, चालू करायची सोय म्हणजे वेक-ऑन-लॅन. साठ-सत्तर पीसींची लॅब असली आणि रात्री अपडेट मारायचे असले की प्रत्येक मशीनचं बटण दाबत कोण फिरणार, म्हणून अ‍ॅडमिन मंडळी जागेवर बसून सगळी मशीन उठवतात, काम उरकलं की परत शटडाऊन.

शटडाऊन केलेला पीसी खरं तर पूर्ण बंद नसतोच, त्याच्या पॉवर सप्लायची (एटीएक्स प्रकारच्या) ५ व्होल्टची स्टँडबाय लाइन चालू असते आणि तेवढ्यावर नेटवर्क कार्ड कान टवकारून बसलेलं असतं. ते वाट बघतं मॅजिक पॅकेट नावाच्या खास संदेशाची. हे तंत्र एएमडी आणि एचपीचं, १९९५ च्या सुमाराचं. वेक-ऑन-लॅन हे नाव पुढे इंटेल आणि आयबीएमने रुजवलं. पॅकेटमध्ये जादू काही नाही, आधी ६ बाइट सगळे एफएफ (हेक्समधली बाइटची सर्वात मोठी किंमत) आणि मग त्या मशीनचा मॅक अ‍ॅड्रेस, म्हणजे नेटवर्क कार्डाचा ६ बाइटचा ओळख नंबर, सलग १६ वेळा, झाले १०२ बाइट. बहुतेक वेळा यूडीपी या साध्या पाठवणी-पद्धतीच्या ७ किंवा ९ नंबर पोर्टवर ब्रॉडकास्ट करतात, म्हणजे नेटवर्कवरच्या सगळ्यांनाच पाठवतात, कारण झोपलेल्या मशीनला आयपी कुठला असायला.

आता वेक-ऑन-लॅन कधीकधी चालत का नाही ते. बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) ऑप्शन ऑन नसतो, नाहीतर वीज वाचवणारं ईआरपी सेटिंग ऑन असल्याने कार्डाची स्टँडबाय वीजच तोडलेली असते. विंडोज ८ पासूनचं फास्ट स्टार्टअप (पुढच्या वेळी पटकन चालू व्हावं म्हणून अर्धवट शटडाऊन करणारी सोय) तर हमखास घोळ घालतं, शटडाऊननंतर मशीन हूं की चूं करत नाही. लिनक्सवर इथटूल या कमांडने कार्डाचं डब्ल्यूओएल (वेक-ऑन-लॅन) सेटिंग जी, म्हणजे मॅजिक पॅकेटवर उठ, असं करावं लागतं. दुसऱ्या सबनेटमध्ये, म्हणजे नेटवर्कच्या राउटरपलीकडच्या भागात, पाठवायचं तर राउटर ब्रॉडकास्ट सहसा अडवतोच. आणि आपल्याकडचा खास प्रकार म्हणजे संध्याकाळी शिपाई मेन स्विच पाडून जातो, मग मारा कितीही पॅकेट!

पॅकेटला उलट उत्तर येत नाही हे मोठं दुखणं, पीसी उठला का ते पिंग करूनच (उत्तर देतो का ते तपासूनच) कळतं. पासवर्डही साधारणपणे नसतो, लॅनवरचा कुणीही मशीन उठवू शकतो, पण उठवण्यापलीकडे त्याला काही करता येत नाही. बंद करणं, बायोसमध्ये शिरणं असलं पाहिजे असेल तर दुरून मशीन सांभाळायच्या सोयी, म्हणजे इंटेलचं एएमटी किंवा सर्व्हरवरचं आयपीएमआय, बघावं.