इंजिन सुरू करण्याआधी वारा कुठून येतोय ते बघा

खळ्यावर उफणायला उभा राहणारा माणूस पाटी उचलण्याआधी वारा बघतो. जमिनीवर जेट इंजिन चालवून बघणाऱ्यानंही तेच करायचं असतं. ओगलेवाडीतल्या आमच्या लहान कारखान्यात आम्ही विंडसॉक, म्हणजे वाऱ्याची दिशा दाखवणारी खांबावरची कापडी नळी, इंजिनच्या तोंडाची कव्हरं आणि चोक, म्हणजे चाकांना लावायच्या उट्या, तयार करतो. आमचे ग्राहक म्हणजे विमानांची देखभाल करणारे तंत्रज्ञ आणि स्टँडवर जुनं इंजिन बसवून मुलांना शिकवणारे शिक्षक. प्रत्येक मालासोबत हे पत्रक जातं. कृपया ते माल उघडताना बाजूला टाकू नका.

विमानाचं नाक वाऱ्याकडे, हा पहिला नियम. जेट इंजिन पुढून हवा घेतं, ती दाबतं, तीत इंधन जाळतं आणि गरम वायू मागून फेकतं. वारा शेपटीकडून आला तर हेच गरम वायू फिरून पुढे येतात आणि इंजिन ते परत ओढतं. धुराड्यावर उलटा वारा बसला की चुलीचा धूर घरात भरतो, तसंच. मागे हँगरची, म्हणजे विमान ठेवायच्या शेडची, भिंत असेल तर त्रास वाढतो, कारण झोत तिच्यावर आपटून परततो. एक्झॉस्टच्या, म्हणजे मागून निघणाऱ्या वायूंच्या, तापमानाचा काटा चढू लागतो आणि त्या वायूंनी फिरणाऱ्या टर्बाइनच्या पात्यांचं आयुष्य त्या काही सेकंदांत कमी होतं.

सुरू करतानाचा क्षण सगळ्यात नाजूक. शेपटीकडून जोराचा वारा असेल तर बंद इंजिनाचा पंखा उलटा फिरत असतो. तशात इंधन सोडलं तर जळायला पुरेशी हवाच आत येत नाही आणि तापमान एकदम उसळतं. म्हणून आधी पंख्याकडे डोळ्यांनी बघा. स्टार्टरवर फिरवून तो सुलट फिरायला लागल्याची खात्री झाल्यावरच इंधन.

आडव्या वाऱ्याचा धोका जोर वाढवल्यावर कळतो. हवा तोंडाच्या कडेवरून सरळ आत न जाता एका बाजूला फाटते, पंख्याच्या पात्यांना एका बाजूला भरपूर हवा मिळते आणि दुसऱ्या बाजूला कमी. मग कॉम्प्रेसर, म्हणजे हवा दाबणारा भाग, स्टॉल होतो, म्हणजे हवा पुढे ढकलताना अडखळतो. तोफेसारखा आवाज येतो, कधी तोंडातून ज्वाळाही दिसते. तेव्हा थ्रॉटल मागे घेऊन इंजिनाचा जोर कमी करणं एवढंच काम असतं. आडवा आणि शेपटीचा वारा किती चालेल हे प्रत्येक इंजिनाचं वेगळं असतं; तो आकडा तुमच्या मॅन्युअलमध्ये आहे. तो घ्या, आणि वाऱ्याच्या झोताचा वेग त्याच्याशी ताडून बघा, वाऱ्याचा सरासरी वेग नको.

आता विंडसॉकबद्दल एक गोष्ट, जी विकणाऱ्यानंच सांगायला हवी. सॉक साधारण 15 नॉट, म्हणजे ताशी 28 किलोमीटरच्या वाऱ्यात पूर्ण ताठ होतो. त्यापुढे वारा 20 नॉट आहे की 35, हे तो सांगू शकत नाही. सॉक ताठ दिसला की वेगमापक हातात घ्या. आणि सॉक मोकळ्यावरच लावा. सुरुवातीच्या काळात आम्ही एका ग्राहकाला तो हँगरच्या आडोशाला लावून दिला होता. तिथे तो लोंबकळत राहिला, वारा शांत आहे असं समजून इंजिन सुरू झालं, आणि वारा प्रत्यक्षात शेपटीकडून होता. काटा चढताना बघून तिथल्या तंत्रज्ञानं लगेच इंधन तोडलं म्हणून निभावलं. चूक आमची होती. तेव्हापासून जागा स्वतः बघितल्याशिवाय आम्ही खांब रोवत नाही.

माणसांनी किती लांब राहायचं, हेही वाऱ्यावर ठरतं. अंदाजासाठी बोइंग 737 घेऊ. इंजिन मंद चालू असताना तोंडापासून सुमारे 3 मीटर आणि पूर्ण जोरात 4 मीटरहून थोडा जास्त भाग धोक्याचा. वारा 25 नॉटच्या वर गेला की हे अंतर आणखी 20 टक्क्यांनी वाढवायचं असतं. मागचा झोत मंद गतीतही सुमारे 30 मीटरपर्यंत धोक्याचा असतो, पूर्ण जोरात तर कित्येक शे मीटर. टोपी, ओळखपत्राची दोरी, सैल कागद, उतरवून ठेवलेलं आमचंच कव्हर, काहीही जवळ नको. पावसाळ्यात ओल्या काँक्रीटवरून पाण्याची बारीक दोरी वर तोंडाकडे चढताना दिसते. ती इंजिनानं उठवलेली वावटळ असते आणि तिच्यातून खडेही वर जातात. जागा आधी झाडून घ्या.

आपल्या भागात जून ते सप्टेंबर पश्चिमेचा वारा चालतो. साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या उगाच उभ्या नाहीत. पण तो वारा जोराचा असला तरी दिशेला पक्का असतो. आम्हाला जास्त भीती वाटते ती एप्रिल-मेच्या दुपारची. वळवाच्या आधी वारा पडतो, सॉक मान टाकतो, सगळ्यांना वाटतं आता बरं झालं, आणि पाच मिनिटांत दुसऱ्याच दिशेनं सोसाटा सुटतो. ढग भरून आले असतील तर पूर्ण जोराची चाचणी पुढे ढकला. शिवाय चाचणी संपेपर्यंत एका माणसाला फक्त सॉककडे बघायला ठेवा. त्यानं हात वर केला की इंजिन बंद, का ते नंतर विचारा.

वारा फिरल्यावर विमान वळवावं लागतं आणि तिथेच उट्या लावायचा कंटाळा होतो. 15 नोव्हेंबर 2007 रोजी फ्रान्समध्ये तुलूझला नवंकोरं एअरबस ए340-600 चारही इंजिनं जोरात चालू असताना पुढे सुटलं आणि काँक्रीटच्या भिंतीवर चढलं. चाकांना उट्या नव्हत्या. इंजिन बंद करा, विमान वळवा, उट्या पुन्हा लावा, मगच पुढचं.

मेअखेरीस सॉक एकदा खाली उतरवून बघा. कापड फाटलंय का, बेअरिंग मोकळं आहे का. हातानं ढकलल्यावर सहज न फिरणारा सॉक त्याच दिवशी आमच्याकडे पाठवा. दुरुस्त होईपर्यंत बदली सॉक देतो, त्याचे पैसे घेत नाही.