विमानातली हवा नेमकी कुठे कोंडते?

जून-जुलैत मुंबईहून निघणाऱ्या विमानात बसलं की कधी कधी सामानाच्या कप्प्यांखालून पांढरा धूर उतरताना दिसतो. नवखा प्रवासी दचकतोच. घाबरायचं काही नाही, ते धुकं असतं. उघड्या दारातून आत आलेल्या दमट हवेत एसीचा गार झोत शिरतो आणि तिच्यातल्या बाष्पाचे बारीक थेंब होतात. दारं लागली की थोड्या वेळात ते विरतं.

विमान म्हणजे बंद डबा, त्यात सगळ्यांनी एकमेकांचे श्वास घ्यायचे, असं बरेच जण समजतात. उडत्या विमानाच्या बाबतीत ते खरं नाही. ३५,००० फुटांवर बाहेर उणे ५४ अंशांच्या आसपास तापमान आणि जमिनीवरच्या जेमतेम पाव दाब. ही विरळ हवा इंजिनाचा कॉम्प्रेसर दाबतो. सायकलला हवा भरताना पंप तापतो, तशी तीही चांगलीच तापते. त्यातली थोडी हवा, इंधन मिसळण्याच्या आधीच, प्रवाशांसाठी काढून घेतात आणि गार करतात. बोइंग ७८७ मात्र हे काम विजेवरच्या कॉम्प्रेसरकडून करून घेतं.

आत येणारी साधारण निम्मी हवा अशी ताजी असते, उरलेली केबिनमधलीच, पण हेपा फिल्टरमधून गाळलेली. ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण हा फिल्टर अडवतो. हवा वरून येते आणि साधारण त्याच रांगेत पायाशी बाहेर पडते. तासाला वीस-तीस वेळा केबिनची हवा बदलते. दाब मात्र १,८०० ते २,४०० मीटर उंचीवर असतो तेवढाच ठेवतात, म्हणजे कळसूबाईच्या माथ्यापेक्षाही कमी. वेफर्सचं पाकीट टम्म फुगतं ते त्यामुळेच. शेजाऱ्याचा खोकला फिल्टरपर्यंत जाण्याआधी आपल्यापर्यंत पोचू शकतो, हेही खरंच. पण मला खरी काळजी वाटते ती जमिनीवर उभ्या असलेल्या विमानाची.

१९७७ मध्ये अलास्कात ५४ जणांचं एक विमान इंजिन बिघडल्यामुळे तीन तास धावपट्टीवर अडकलं. बहुतेक प्रवासी आतच बसून राहिले, त्यांतल्या एकाला फ्लू होता आणि हवा खेळवणारी यंत्रणा बंद होती. ७२ तासांत ७२ टक्के प्रवासी आजारी पडले. जो जितका जास्त वेळ आत बसला, त्याला धोका तितका जास्त.

उभ्या विमानाला हवा पुरवायला शेपटीत एक छोटं इंजिन असतं, नाहीतर विमानतळावरून जाड नळी जोडतात. हे चालवायला इंधन किंवा वीज लागते, म्हणून काटकसरीचा मोह होतो. माणसं आत बसलेली असताना ही काटकसर नकोच. दारं लागून दहा मिनिटं झाली, विमान हललेलं नाही आणि डोक्यावरची झडप पूर्ण उघडूनही हाताला वारा लागत नाही, असं झालं तर बटण दाबून केबिन क्रूला बोलवा आणि हवा सुरू करायला सांगा.