अमेरिकी यादवी युद्धातील छावणीजीवन

अमेरिकेत १८६१ ते १८६५ या काळात उत्तरेचे संघराज्य आणि गुलामगिरी टिकवण्यासाठी फुटून निघालेली दक्षिणेची राज्ये यांच्यात यादवी युद्ध झाले. त्या काळातील सैनिकांचे तळावरचे रोजचे जगणे म्हणजे छावणीजीवन. लढाईचे दिवस मोजकेच असत. बाकीचे महिने कवायत, पहारा, सरपण-पाणी आणि घरच्या पत्राची वाट पाहण्यात जात. या युद्धाची ओळख सेनापतींच्या नावांनी होते, पण सामान्य सैनिक खरा भेटतो तो राहुटीत, गुडघ्यावर कागद ठेवून लिहिताना.

मोहिमेवर राहुटी दोघांत मिळून असे. एकेकाने अर्धे कापड पाठीवर वाहायचे आणि मुक्कामाला दोन्ही अर्धी गुंड्यांनी जोडायची. हिवाळ्यात ओंडक्यांच्या झोपड्या उभ्या राहत. त्यांचे धुराडे काटक्या आणि चिखलाचे असे. उत्तरेच्या सैनिकाचे मुख्य खाणे म्हणजे खारवलेले मांस आणि हार्डटॅक. पीठ-पाण्याची ही वडी इतकी कडक असे की बंदुकीच्या दस्त्याने फोडून ती कॉफीत भिजवावी लागे. वर तरंगलेल्या अळ्या काढून टाकायच्या आणि प्यायचे. उत्तरेच्या आरमाराने केलेल्या नाकेबंदीमुळे दक्षिणेत कॉफी मिळेनाशी झाली, तेव्हा तिकडे भाजलेली रताळी आणि शेंगदाणे उकळून प्यायले जात. व्हर्जिनियातील रॅपहॅनॉक नदीच्या दोन काठांवरचे, दोन बाजूंचे पहारेकरी एकमेकांकडे लहानशा होड्या सोडून तंबाखूच्या बदल्यात कॉफी घेत.

गोळीपेक्षा आजाराने जास्त माणसे गेली. एकूण मृत्यूंपैकी सुमारे दोन तृतीयांश हगवण, विषमज्वर, गोवर अशा रोगांमुळे झाले. एकाकी शेतवाड्यांवर वाढलेल्या मुलांना लहानपणी गोवर आलेला नसे; तो छावणीत गाठे. घराची ओढ हाही लष्करी डॉक्टरांच्या लेखी आजारच होता. उत्तरेच्या सैन्यात त्याचे ५,००० हून अधिक रुग्ण नोंदले गेले आणि त्यांतले काही दगावलेही.

घराशी धागा होता तो पत्रांचा. दोन्हीकडच्या बहुसंख्य गोऱ्या सैनिकांना लिहिता-वाचता येत होते. उत्तरेत साध्या पत्राला ३ सेंट पडत, पण पाकिटावर ‘सैनिकाचे पत्र’ असे लिहिले की तिकीट नसले तरी चाले. पैसे घरच्यांनी भरायचे. दक्षिणेत कागदाचा तुटवडा पडला, तेव्हा आलेले पाकीट उलटे करून पुन्हा वापरले जाई. भिंतीला लावायच्या रंगीत कागदाचीही पाकिटे होत. लिहून भरलेले पान आडवे धरून त्याच ओळींवरून पुन्हा लिहीत. मजकूर बहुधा घरचाच असे: कोणत्या तुकड्यात काय पेरायचे, गाय विकायची की ठेवायची, धाकटा चालू लागला का. उत्तरेत साध्या शिपायाचा पगार सुरुवातीला महिना १३ डॉलर, तोही महिनोन्‌महिने थकलेला. तिकडे शेत आणि घर बायका ओढत होत्या. दक्षिणेतल्या घरांतून उपासमारीची पत्रे येऊ लागली, तेव्हा कित्येकांनी रजेची वाट न पाहता छावणी सोडली. त्यांना भित्रे म्हणणे अन्यायाचे आहे.

कृष्णवर्णीय सैनिकांची ताटातूट याहून क्रूर होती. केंटकी हे गुलामगिरी असूनही उत्तरेबरोबर राहिलेले राज्य. तिथे भरती झालेला गुलाम स्वतः मुक्त होई, त्याची बायकामुले मात्र मालकाचीच राहत. अशी कुटुंबे कॅम्प नेल्सन या तिथल्या उत्तरेच्या लष्करी तळावर सैनिकांच्या आसऱ्याला आली होती. नोव्हेंबर १८६४ मध्ये उत्तरेच्याच अधिकाऱ्यांनी कडाक्याच्या थंडीत सुमारे ४०० बायकामुलांना तिथून हाकलून त्यांच्या झोपड्या पाडल्या. त्यांतली १०२ माणसे मेली. यावर देशभर संताप उसळला आणि ३ मार्च १८६५ रोजी काँग्रेसने, म्हणजे अमेरिकी संसदेने, सैनिकांच्या बायकामुलांना मुक्त करणारा कायदा केला.

सैनिकांना ओळखपट्टी दिली जात नसे. लढाईपूर्वी काही जण नाव-गाव चिठ्ठीवर लिहून कोटाला टाचून घेत. जुलै १८६३ मध्ये पेनसिल्व्हेनियातील गेटिसबर्गच्या लढाईनंतर एका मृत सैनिकाच्या हातात तीन मुलांचे काचेवरचे छायाचित्र सापडले. नावाचा पत्ता नव्हता. त्या काळी वृत्तपत्रांत छायाचित्र छापता येत नसे, म्हणून ते शब्दांत छापले गेले: दोन मुलगे, एक मुलगी, आणि थोरल्याचा सदरा बहिणीच्या झग्याच्याच कापडाचा. न्यूयॉर्क राज्यातील पोर्टव्हिल गावी फिलिंडा ह्युमिस्टन हिच्या वाचनात हे वर्णन आले. असेच छायाचित्र तिने नवऱ्याला, सार्जंट एमॉस ह्युमिस्टनला, छावणीत पाठवले होते, आणि गेटिसबर्गनंतर त्याचे पत्र आले नव्हते. तिने छायाचित्राची प्रत मागवली. ती मुले तिचीच होती.